विंचवाचे विष आणि पेशीचे दार



महाड-पोलादपूरकडच्या माणसाला विंचू म्हणजे काय, हे रेडिओवरून सांगण्याची गरज नाही. गडग्याचे दगड हलवावेत, पडवीतला लाकूडफाटा ओढावा, कौले चाळायला काढावीत किंवा अंधारात पायांत चपला सरकवाव्यात आणि तांबड्या विंचवाची गाठ पडावी, हे तिकडच्या घराघराने अनुभवलेले आहे. आज मला बोलायचे आहे ते मात्र कॅन्सरबद्दल. आपल्याच अंगातली एखादी पेशी वाढायची थांबत का नाही, याबद्दल. मग सुरुवात विंचवापासून कशाला, असे कुणी विचारील. त्याचे कारण असे की, शरीरातल्या पेशीला निरोप पोहोचतो कसा आणि तो अडवता येतो कसा, याचा एक मोठा धडा महाडच्याच मातीत गिरवला गेला आहे. तो ध्यानात आला, तर पुढची अवघड गोष्ट आपोआप सोपी होते.

१९७६ साली हिंमतराव बावसकर नावाचे एक तरुण डॉक्टर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला आले. मूळचे ते जालन्याकडचे, भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे. ज्या जिल्ह्यात ते आले त्याचे नाव तेव्हा कुलाबा होते; रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. डोंगरातल्या वाड्यांवरून विंचू चावलेली माणसे त्यांच्याकडे येत. कुणाला डोलीतून आणलेले, कुणाला पाठुंगळी मारून. त्याआधी बहुतेकांचा एक फेरा मांत्रिकाकडे झालेला असे. विंचवाची वेदना उतरवणारा माणूस गावोगाव होता आणि पुष्कळांची वेदना उतरतही असे. कारण पुष्कळ वेळा विंचवाचा दंश दुखतो खूप, पण जिवावर बेतत नाही. त्याचे श्रेय मात्र मंत्राला मिळे.

बेतत असे ते निराळ्यांवर, आणि त्यांत लहान मुले अधिक. आधी वांती, मग दरदरून घाम. अंगरखा पिळून काढावा इतका घाम. हातपाय गार पडायचे, बर्फासारखे. नाडी धावायची. मग काही तासांनी श्वास लागायचा, छातीत घरघर सुरू व्हायची आणि तोंडाला तांबूस फेस यायचा. फुप्फुसांत पाणी भरलेले असे. कोरड्या जमिनीवर, आईच्या मांडीवर, ते पोर आतल्या पाण्यात बुडून जात असे. अशी गंभीर विषबाधा झालेल्यांपैकी त्या काळी शंभरांत तीस-चाळीस माणसे दगावत.

हे असे का होते, याचे पुरेसे उत्तर पुस्तकांतून मिळत नव्हते. तेव्हा डॉक्टरांनी जी गोष्ट केली ती दिसायला साधी होती. ते रोग्याच्या उशाशी बसून राहिले आणि लिहीत राहिले. केव्हा वांती झाली, रक्तदाब किती चढला, हातपाय केव्हा गार पडले, केव्हा तो दाब कोसळला. हळूहळू त्या टिपणांतून एक क्रम दिसू लागला. वांती, घाम आणि गार हातपाय ही आधी येणारी सूचना. हृदयाचे संकट मागाहून. हे निरीक्षण १९८२ साली इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले.

आता त्या रात्री अंगात घडते काय ते पाहू. आपल्या नसांमध्ये सोडियमची ये-जा करणारी अतिसूक्ष्म दारे असतात. नस चेतली की ती उघडतात आणि क्षणात मिटतात. तांबड्या विंचवाचे विष ही दारे मिटू देत नाही. मग नसा चेतलेल्याच राहतात आणि शरीर आपल्या साठ्यातले ॲड्रिनॅलिन आणि त्याच्या जातीचे रस रक्तात ओतत सुटते. वाघ समोर आला तर आपल्याला पळवण्यासाठी जो रस चार थेंब सुटायचा, त्याचा पूर येतो. हा रस रक्तवाहिन्यांना एकच निरोप देतो: आवळा. वाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकते, म्हणून फुप्फुसांत पाणी. माणसाला मारतो तो निरोप विंचवाचा नसतो. तो त्याच्या स्वतःच्याच शरीराचा असतो. एवढे वाक्य श्रोत्यांनी मनात धरून ठेवावे, कारण कॅन्सरकडे जाताना तेच आपल्या उपयोगी पडणार आहे.

निरोप आला तर तो ऐकणारा कुणीतरी हवा. हा ऐकणारा कोण, याचा पहिला माग लागला तो तंबाखूवरून. केंब्रिजचे लँग्ली नावाचे शरीरशास्त्रज्ञ कोंबड्यांच्या स्नायूंवर तंबाखूतल्या निकोटिनचा प्रयोग करीत होते. निकोटिन लावले की स्नायू आखडे. स्नायूकडे जाणारी नस तोडून ती पार मरून गेल्यावर पाहिले, तरी तो आखडे. पण आधी क्युरारी लावले, म्हणजे दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाला माखतात ते विष, तर निकोटिनचे काही चालेना. लँग्लींनी १९०५ साली अनुमान काढले की, पेशीवरच असा एखादा पदार्थ असला पाहिजे जो निकोटिनला ओळखतो. क्युरारी येऊन त्याची जागा अडवते. जर्मनीत पॉल एर्लिख यांनी १९०० च्या सुमारास, रोगप्रतिकाराचा विचार करताना, अशाच कल्पनेला रिसेप्टर हे नाव दिले होते. मराठीत त्याला 'ग्राही' म्हणतात. घेणारा, ग्रहण करणारा. पुढे १९४८ साली अमेरिकेत आल्क्विस्ट यांनी दाखवले की, ॲड्रिनॅलिन ऐकणारे ग्राही दोन जातींचे आहेत. त्यांना त्यांनी आल्फा आणि बीटा अशी ग्रीक अक्षरे दिली. वाहिन्या आवळण्याचा हुकूम ऐकतात ते मुख्यतः आल्फा.

बावसकर डॉक्टर मध्यंतरी पुण्याला एम. डी. करून महाडला परतले होते. त्यांच्या पुढ्यात आता प्रश्न स्पष्ट होता. पूर थांबवता येत नसेल, तर निदान आल्फाचे कान बंद करता येतील का? आल्फा ग्राहीची जागा अडवणारी एक गोळी बाजारात होती. प्राझोसिन तिचे नाव. रक्तदाबासाठी देत असत ती साधी, स्वस्त गोळी. ती त्यांनी विंचूदंशावर वापरली. वाहिन्या सैल पडू लागल्या, गार हातपायांत ऊब येऊ लागली. १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये हेही प्रसिद्ध झाले. ही गोळी वेळेत मिळू लागली तसे मृत्यूचे प्रमाण शंभरांत एखाददुसऱ्यापर्यंत उतरले. पुढे डॉ. प्रमोदिनी बावसकर आणि त्यांनी मिळून महाडलाच ७० रोग्यांवर पद्धतशीर चाचणी केली: निम्म्यांना नुसते प्राझोसिन, निम्म्यांना त्याच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष. जोडीने औषध मिळालेले सरासरी १० तासांत सावरले, नुसत्या प्राझोसिनवाल्यांना सुमारे १८ तास लागले. हा अहवाल २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली. (ही गोळी घरी ठेवून आपल्या मनाने घ्यायची मात्र नव्हे, रक्तदाब पाहणारे माणूस जवळ हवे.)

मला यातली मोठी गोष्ट वाटते ती ही: या डॉक्टरांची पहिली लढाई विषाशी नव्हती, ती कानाशी होती. ऐकणारा गप्प केला की हुकूम कितीही ओरडला तरी वाया जातो.

आता कॅन्सरकडे वळू.

शिक्षक मंडळींना मुले एक प्रश्न हमखास विचारतात: 'गुरुजी, कॅन्सर लागतो का?' प्रश्न पोराचा असला तरी तो घरातून आलेला असतो. कॅन्सर झालेल्या बाईचे ताट-वाटी वेगळी ठेवणारी घरे अजून आहेत. बाहेरून काहीतरी शिरले, कुणाची नजर लागली, देवाचे काही राहिले, असे समजून वर्ष-सहा महिने काढणारी माणसे आहेत. तेव्हा उत्तर नीट द्यायला हवे, आणि ते देता येण्यासाठी पेशीच्या दारापर्यंत जायला हवे.

रायगडचे दरवाजे सांज झाली की मिटत, हे हिरकणीच्या गोष्टीमुळे पोराटोरांना ठाऊक आहे. कल्पना करा की, असा एक मिटलेला दरवाजा आहे. खालून जासूद निरोप घेऊन आला. त्याला आत घेत नाहीत. दारावरचा पहारेकरी बाहेरच त्याची ओळख पटवतो आणि आतल्या अंगाला इशारा करतो. तो इशारा पुढच्या चौकीला, तिथून पुढच्या, असे करीत नगारखान्यात नगारा वाजतो. जासूद पायथ्याशीच राहिला, बातमी तेवढी आत गेली. आपल्या पेशीवरचे बरेचसे ग्राही असेच आहेत. त्यांचे एक अंग पेशीच्या पडद्याबाहेर, एक अंग आत. निरोप आणणारे प्रथिन बाहेर टेकते आणि आत काम सुरू होते.

पेशीला येणाऱ्या निरोपांत एक फार महत्त्वाचा निरोप आहे: 'वाढ, आणि दुभंग.' बोट कापले की कातडी भरून येते ती याच निरोपावर. हा निरोप कोण आणतो, याचा शोध इटलीतल्या तुरीन शहरातल्या रिटा लेव्ही-मोन्ताल्चिनी यांच्यापासून सुरू होतो. बाई ज्यू, म्हणून मुसोलिनीच्या राज्यात त्यांना विद्यापीठाचे दार बंद झाले. त्यांनी घरच्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली, आणि युद्धात खेड्यात आसरा घ्यावा लागला तेव्हा शेतकऱ्यांकडून कोंबडीची अंडी मिळवून त्यांतल्या गर्भांच्या नसा तपासल्या. युद्धानंतर त्या अमेरिकेत गेल्या. तिथे १९५० नंतर त्यांना दिसले की, उंदराच्या एका गाठीचा तुकडा कोंबडीच्या गर्भाशी ठेवला की त्याच्या नसा झपाट्याने वाढतात. म्हणजे गाठीतून काहीतरी सुटत होते. ते काय, हे शोधायला स्टॅन्ली कोहेन हे रसायनशास्त्रज्ञ त्यांच्या जोडीला आले. शोधता शोधता तोच पदार्थ आधी सापाच्या विषात आणि मग उंदराच्या लाळेच्या पिंडात भरपूर सापडला. विष हे लाळेचेच भावंड, हे आपल्याकडचा गारुडीही जाणतो!

उंदराच्या त्या पिंडाचा अर्क नवजात पिलांना टोचला, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट घडली. उंदराच्या पिलाचे डोळे चौदाव्या दिवसाच्या सुमारास उघडतात. यांचे सातव्या दिवशीच उघडले. दुसऱ्या कुणी ही नोंद बाजूला सारली असती. कोहेन तिच्या मागे लागले आणि १९६२ साली त्यांनी कातडी वाढवणारे एक प्रथिन वेगळे काढून दाखवले. अवघे ५३ दुवे असलेली ती एक छोटी साखळी. आपण तिला वाढीचा जासूद म्हणू. १९८६ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे ज्या वर्षी महाडच्या प्राझोसिनची हकीकत 'लॅन्सेट'मध्ये आली, त्याच वर्षी.

या जासुदाचा पहारेकरी कसा काम करतो, हे हळूहळू उलगडले. तो असतो एकटाएकटा, पडद्यात रोवलेला. जासूद येऊन टेकला की त्याची वरची ठेवण बदलते आणि त्याला शेजारच्या पहारेकऱ्याचा हात धरता येतो. दोघांची जोडी जमली की आतल्या बाजूला ते एकमेकांच्या अंगावर फॉस्फेटचे ठिपके लावतात. भाताला सुपर फॉस्फेट टाकता ना, त्यातल्याच फॉस्फरसचा हा प्रकार. ते ठिपके दिसले की आतली प्रथिने तिथे येऊन चिकटतात, तीही पुढच्यांना ठिपके लावतात, आणि अशी खूण हातोहात जात पेशीच्या केंद्रापर्यंत पोहोचते. मग नगारा वाजतो आणि पेशी दुभंगते. काम झाले की ठिपके पुसणारी प्रथिने येतात, पहारेकऱ्यांची जोडी पेशीच्या आत ओढली जाते आणि शांतता होते. निरोगी शरीरात या शांततेला नगाऱ्याइतकेच मोल आहे.

ही शांतता मोडते कशी, याचे उत्तर पुन्हा कोंबड्यांनीच दिले. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये पेटन राउस यांनी दाखवले होते की, कोंबडीच्या एका गाठीचा गाळलेला रस दुसऱ्या कोंबडीला टोचला तर तिलाही तशी गाठ होते. म्हणजे त्यात विषाणू होता. फार वर्षे लोकांनी याकडे लक्ष दिले नाही. राउस यांना नोबेल मिळाले ते १९६६ साली. कोंबड्यांना रक्ताचा कॅन्सर करणारा एक दुसरा विषाणूही माहीत होता. १९८४ साली त्याच्यातले कॅन्सरकारक प्रथिन आणि आपला तो वाढीचा पहारेकरी यांची जुळणी करून पाहिली, तर तो तोच निघाला! फक्त बाहेरचे अंग छाटलेला. ज्याला बाहेरचे डोके-कानच नाहीत असा पहारेकरी. जासूद आला काय, न आला काय, त्याला समजायला मार्ग नाही. तो आत सारखा 'वाढ, वाढ' असा इशारा देत सुटलेला.

कॅन्सरचे बीज बरेचदा असे असते. पहारेकरी मोडका होतो, किंवा त्यांची संख्या बेसुमार वाढते. आपल्या वाढीच्या पहारेकऱ्याला एक सख्खा भाऊ आहे, हर-२ नावाचा. याला स्वतःचा जासूद नाही. हात धरायला तो सदा तयारच. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रोग्यांपैकी पंधरा-वीस जणींच्या गाठीत या हर-२ची इतकी गर्दी झालेली असते की, ते आपसांतच जोड्या जमवतात आणि निरोपावाचून नगारा वाजत राहतो. १९८७ साली अमेरिकेतल्या स्लेमन यांनी दाखवले की, ज्यांच्यात ही गर्दी आहे त्यांचा रोग जास्त वेगाने वाढतो.

तेव्हा मुलाला उत्तर द्यायचे ते असे: नाही रे, ताट-वाटीने, शेजारी झोपल्याने कॅन्सर लागत नाही. काही विषाणूंमुळे काही कॅन्सर होतात, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर त्यांतलाच, आणि तो विषाणू शरीरसंबंधातून येतो. पण गाठ जी असते ती रोग्याच्याच पेशींची, तिच्यातला हुकूम तिच्याच घरचा. विंचवाच्या रात्री जसा आपलाच रस आपल्यावर उलटला, तसाच हाही प्रकार. फरक इतकाच की, ते वादळ एक-दोन दिवसांत ओसरते. इथे दरवाजाच बिघडलेला असतो.

आपल्या मुलखात या रोगाचा अभ्यास केव्हा सुरू झाला? मुंबईला परळ इथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. १९४४ साली त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या ओळीने १००० रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. आपल्याकडे तोंडाचाच कॅन्सर इतका का, हा त्यांचा प्रश्न; तंबाखू, पान, चुना यांच्या सवयींकडे त्यांची नजर गेली. पुढे १९५२ साली परळलाच भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र निघाले, तेही त्यांच्याच नेतृत्वाखाली. त्यांच्या शिष्या कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या. १९४९ साली डॉक्टरेट मिळवून त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या. पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात जिवंत ठेवून वाढवायची विद्या त्या तिथे शिकल्या, आणि परत येऊन आपल्या देशातली तशी पहिली प्रयोगशाळा त्यांनी परळला उभी केली. उंदरांच्या स्तनांच्या गाठींवर काम करताना, विषाणू आणि शरीरातले संप्रेरक रस यांचा एकमेकांशी संबंध कसा येतो हे त्यांनी तपासले. तेव्हा या वाटेने जाणारे जगात थोडे होते.

संप्रेरकांची गोष्ट निघाली म्हणून एक सांगतो. गुराढोरांशी संबंध असलेल्यांना ती आवडेल. स्कॉटलंडमधले बीटसन नावाचे शल्यवैद्य. काही ठिकाणचे शेतकरी गाय व्याल्यावर तिचे अंडाशय काढून टाकतात, म्हणजे ती दूध जास्त दिवस देते, ही गोष्ट त्यांना ठाऊक होती. म्हणजे स्तन आणि अंडाशय यांचे काही बोलणे चालते. या एका धाग्यावरून त्यांनी स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या एका स्त्रीचे अंडाशय काढले. गाठी विरघळू लागल्या. १८९६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. ते बोलणे कोणते, हे साठ वर्षांनी शिकागोत जेन्सन यांनी दाखवले: अंडाशयातला इस्ट्रोजेन रस पेशीच्या आतपर्यंत जातो आणि त्याचा ग्राही आत घरातच बसलेला असतो. हा जासूद पायथ्याशी थांबणारा नव्हे, माजघरात जाणारा. त्याची जागा अडवणारी टॅमॉक्सिफेन नावाची गोळी १९७० नंतरच्या दशकात वापरात आली. ज्यांच्या गाठीत हा ग्राही असतो त्यांना ती आजही देतात. महाडच्या प्राझोसिनचीच ही बहीण म्हणा ना.

परळची ती संशोधन संस्था २००२ साली खारघरला आली. खारघर पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यातच. पोलादपूरच्या शाळेतल्या मुलाला जिल्ह्याचा नकाशा दाखवताना शिक्षकांनी दक्षिणेच्या टोकाला आपले गाव दाखवावे आणि उत्तरेला खारघर दाखवावे. पेशीच्या दारावर काम करणारी माणसे त्याच जिल्ह्यात बसलेली आहेत.

याच संस्थेने परळला असताना, १९८० नंतरच्या दशकात, आपल्या बायकांच्या मशेरीची तपासणी केली. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून, कुटून, सकाळी हिरड्यांना लावायची ती मशेरी. कोकणात ती दात घासायची वस्तू समजतात, व्यसन नव्हे. म्हणून पुरुषांदेखत बिडी न ओढणारी बाईही ती उघड लावते. तिच्यात कॅन्सर करणारी द्रव्ये सापडली. यात निकोटिनचे काम निराळे आणि या द्रव्यांचे निराळे. निकोटिन मेंदूतल्या ग्राहींवर बसते, लँग्लींच्या कोंबडीच्या स्नायूवर बसायचे तसेच, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी डबी उघडायला लावते. तिच्या जोडीने तोंडात येणारी नायट्रोसमाइन वगैरे द्रव्ये पेशीच्या केंद्रातला लेख बिघडवतात. त्याच लेखावरून पहारेकरी घडवले जातात. तोंडाच्या कॅन्सरच्या पुष्कळ गाठींत वाढीच्या पहारेकऱ्यांची गर्दी दिसते. सुपारीचेही असेच. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. आमच्या श्रीवर्धनच्या रोठ्याचा अभिमान बाळगणाऱ्याला हे कडू लागते. मलाही लागले.

आता औषधांकडे. पहारेकरी ओळखता आले तसे त्यांचे कान बंद करणारी औषधेही आली. हर-२ वर बसणारे ट्रास्टुझुमॅब १९९८ साली अमेरिकेत मान्य झाले. वाढीच्या पहारेकऱ्याचा आतला हात, म्हणजे ठिपके लावणारा हात, जखडणारी एर्लोटिनिब ही गोळी २००४ साली मान्य झाली. पण इथे खरे ते सांगितले पाहिजे. प्राझोसिनने विंचवाचा रोगी दोन दिवसांत घरी जातो, तसे या गोळ्यांनी होत नाही. कॅन्सरची पेशी दुभंगता दुभंगता बदलत राहते. एक दार अडवले की काही पेशी दुसरे दार शोधतात. फार पसरलेल्या रोगात ही औषधे पुष्कळदा महिने मिळवून देतात, कधी वर्षे. आणि त्यांतल्या काहींची किंमत एका सामान्य शेतकऱ्याच्या वर्षाच्या मिळकतीच्या पलीकडे जाते. १९९२ साली जपानमध्ये होन्जो यांनी आणखी एक ग्राही शोधला होता. तो असतो आपल्या रक्तातल्या रक्षक पेशींवर. कॅन्सरची पेशी त्याच्याशी बोलून रक्षकाला 'थांब' म्हणते आणि रक्षक मुकाट थांबतो. हे बोलणे तोडणारे निवोलुमॅब फार महाग.

टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी यावर जो विचार केला तो मला बिरवाडीच्या विचाराचा भाऊ वाटतो. ग्राहीची जागाच अडवायची आहे, तर त्याला एवढी मोठी मात्रा लागते कशाला? तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर फार पुढे गेलेल्या १५१ रोग्यांवर त्यांनी चाचणी घेतली. सर्वांना तीन गोळ्या दिल्या, त्यांत एक एर्लोटिनिब. निम्म्यांना त्याशिवाय निवोलुमॅब, पण दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम; नेहमीच्या मात्रेचा दहावा हिस्साही नव्हे. वर्षभराने नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी शंभरांत १६ हयात होते, थेंबभर निवोलुमॅब मिळालेल्यांपैकी शंभरांत ४३. हे २०२२ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे सत्तावन्न तरीही गेले, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे.

बिरवाडीच्या डॉक्टरांना आधी येणाऱ्या खुणा सापडल्या, म्हणून गोळी वेळेवर देता आली. तोंडाच्या कॅन्सरलाही अशा खुणा आहेत आणि त्या विंचवाच्या घामासारख्या घाईच्या नाहीत. त्या कितीतरी महिने, कधी वर्षे थांबतात. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, जो पुसला जात नाही. तोंड पूर्वीइतके न उघडणे. तीन आठवडे उलटले तरी न भरणारे छाले. तिखट लागले की आग. स्तनात न दुखणारी गाठ. न दुखणारी, म्हणूनच ती लपवली जाते. विंचू चावलेल्याला रात्रीतून डोंगर उतरवणारी माणसे आमच्याकडे होती, कारण तो ओरडत असे. ही गाठ ओरडत नाही.

तोंड तपासायला यंत्र लागत नाही. उजेड, आरसा आणि स्वच्छ धुतलेले बोट पुरे. गाल आतून, दोन्ही हिरड्या, जिभेच्या दोन्ही कडा आणि जिभेखालची जागा, एवढे पाहायला दोन मिनिटे लागतात. मशेरी लावणाऱ्या आईचे तोंड सातवी-आठवीतली मुलगीसुद्धा पाहू शकते. चट्टा दिसला तर प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून महाडचे सरकारी रुग्णालय, तिथले डॉक्टर सांगतील तर त्यातला तांदळाएवढा तुकडा काढून काचेवर. त्या काचेवर पेशी कशा दिसतात, हे सूक्ष्मदर्शकातून पाहणारे माणूस मग पुढचे सांगते. आणि गरज पडली तर कोणते पहारेकरी किती आहेत, हेही मोजून सांगते.